पाठ केलेले रंग

दरवर्षी ऑगस्टमध्ये मी बारावीच्या वर्गात दोन परीक्षानळ्या घेऊन जाते. एकीत निकेलच्या क्षाराचं पाणी, हिरवं. दुसरीत कोबाल्टच्या क्षाराचं, गुलाबी. मुलांना विचारते, ह्यात रंग कोणी टाकला? कोणीतरी हमखास म्हणतं, मॅडम, रंग त्याच्यातच असते. मग मी चिडते. मला चिडायला फार काही लागत नाही, हे भंडाऱ्याच्या आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

रंग त्याच्यात नसतो. धातूच्या आयनाभोवती पाण्याचे रेणू दाटीवाटीने बसतात. त्या दाटीमुळे इलेक्ट्रॉनांच्या एरवी सारख्या असलेल्या पाच जागांपैकी काही वर सरकतात, काही खाली राहतात. खालचा इलेक्ट्रॉन वर उडी मारतो आणि त्या उडीपुरता प्रकाश गिळून टाकतो. जो प्रकाश गिळला गेला नाही, तो पार होऊन आपल्यापर्यंत येतो, आणि त्यालाच आपण रंग म्हणतो. शेजारी बदलले, पाण्याच्या जागी अमोनिया येऊन बसला, की उडीची उंची बदलते आणि रंगही बदलतो. जस्ताच्या सगळ्या जागा भरलेल्या असतात, उडी मारायला वाव नाही, म्हणून त्याचं पाणी बिनरंगी. हे मी सोळा वर्षं शिकवते आहे आणि बरं शिकवते, एवढं स्वतःबद्दल म्हणायला हरकत नाही.

फक्त ‘आपल्यापर्यंत येतो’ म्हणताना आपल्या म्हणजे कोणाच्या, हे मी कधी विचारलं नाही. डोळा हा भाग जीवशास्त्राच्या मॅडमकडे असतो. माझा नाही, म्हणून मी तिकडे फिरकले नाही.

अश्वजित माझा धाकटा भाऊ. आमच्या दोघांत पंधरा वर्षांचं अंतर. बाबा गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि मी एम.एस्सी.ला. त्यामुळे त्याला अंघोळ घालण्यापासून शाळेत नाव टाकण्यापर्यंत सगळं मीच केलं. माय शेतावर मजुरीला जायची. माझं लग्न झालं नाही, आणि तो इथे विषय नाही. आम्ही तिघं शहापूरलाच राहिलो, मी रोज बसने भंडाऱ्याला जाऊन यायची. अश्वजितला लहानपणापासून एकच वेड, रेल्वेचं इंजिन. मामाकडे वरठीला गेला की जेवायला बोलावलं तरी स्टेशनवरून हलायचा नाही. बाकी कशाचा हट्ट त्याने केला नाही. जे अडलं ते मला विचारायचा आणि मी सांगितलं की तेच खरं मानायचा.

बारावीत तो माझ्याच वर्गात होता. कॉलेजात मॅडम म्हणायचा, घरी ताई. जानेवारीतली गोष्ट. प्रॅक्टिकलची तयारी चालली होती. मी त्याच्या हातात त्याच दोन नळ्या दिल्या आणि म्हटलं, निरीक्षण लिही. त्याने दोन्ही उजेडाकडे धरल्या, बराच वेळ पाहिल्या आणि लिहिलं, दोन्ही नळ्यांतलं द्रावण फिकट, राखाडीसर, एकाच धातूचं. मला वाटलं मस्करी करतो आहे. बहिणीच्या वर्गात आहे म्हणून फाजीलपणा सुचला. मी सगळ्यांसमोर त्याला झापलं. डोळे शहापूरला ठेवून आलास का, असं विचारलं. पोरं हसली. तो हसला नाही, त्याने वही पुढे ओढली आणि बाजूच्या मुलीच्या वहीतून दोन रंग उतरवून घेतले.

घरी आल्यावर मी पुन्हा झापायला सुरुवात करणार, तेवढ्यात तो म्हणाला की त्याला खरंच दोन्ही सारखेच दिसले. मी टोपलीतल्या मिरच्या काढल्या, पिकलेल्या आणि हिरव्या, आणि त्याला वेगळ्या करायला सांगितल्या. त्याने देठ पाहून, हातात दाबून, वास घेऊन जवळपास बरोबर केल्या. चार चुकल्या. माय तिकडे चुलीजवळ होती, तिने एकदा पाहिलं आणि पुन्हा भाकरीकडे वळली. अश्वजित हळूच म्हणाला, “मायले नको सांगू ताई. ते रडन.”

तेव्हाच त्याला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला हवं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं की बाबा रे, लाल आणि हिरवं तुला वेगळं दिसत नाही, ते कधीही दिसणार नाही, आणि त्यात तुझी काही चूक नाही. मी रसायनशास्त्राची बाई, मला हे एका वाक्यात सांगता आलं असतं. पण त्याचा चेहरा इतका उतरला होता, आणि दुपारी मी त्याला सगळ्यांसमोर बोलले होते. मला त्याचं काहीतरी भरून द्यायचं होतं. मी म्हटलं, “काही होत नाही. आपण पाठ करू.”

आणि आम्ही पाठ केलं. मी एका कागदावर सगळे क्षार लिहून दिले. तांबं निळं, अमोनिया टाकला की गडद निळं. निकेल हिरवं, त्यात डायमिथिल ग्लायॉक्झिम टाकलं की लाल साका. साका पडला एवढं त्याला दिसायचं, मग तो लाल असं लिहायचं. कोबाल्ट गुलाबी, दाट आम्लात निळं. निळं त्याला छान दिसायचं, त्यामुळे तिथे तो निर्धास्त असायचा. प्रश्न उरला तो हातात आलेला क्षार निकेलचा की कोबाल्टचा, हे ओळखायचं कसं.

आमच्याकडे प्रॅक्टिकलच्या दिवशी कोणत्या पुडीत काय आहे हे मुलांना कळवायची एक जुनी रीत आहे. प्रयोगशाळेतले परिचर पुडीची घडी वेगवेगळी घालतात. त्रिकोणी घडी म्हणजे हे, दुहेरी घडी म्हणजे ते. बाहेरचे परीक्षक जेवणाचा डबा उघडून बसतात, सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. मी ही रीत आमच्या प्रयोगशाळेत बंद केली होती. आमचे परिचर टिकारामभाऊ त्यावरून माझ्यावर वर्षभर रुसले होते. त्या वर्षी मीच त्यांच्याकडे गेले आणि खाली मान घालून म्हटलं, भाऊ, एका पुडीची घडी जरा वेगळी घाला. त्यांनी एक शब्द विचारला नाही. ते मला विचारतील अशी मी तयारी करून गेले होते, आणि त्यांनी विचारलं नाही म्हणून मला जास्त लाज वाटली.

अश्वजितला तीसपैकी तीस मिळाले. लेखी पेपरात ‘संक्रमण धातूंची संयुगं रंगीत का असतात’ हा प्रश्न आला होता. घरी आल्यावर त्याने मला त्याचं उत्तर तोंडी म्हणून दाखवलं. शेजाऱ्यांची दाटी, जागांचं वरखाली होणं, उडी, गिळलेला प्रकाश. इतकं नेमकं मला स्वतःला परीक्षेत लिहिता आलं नव्हतं. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, संपलं हे प्रकरण.

पुढे त्याने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि रेल्वेच्या परीक्षांना लागला. चार वर्षं. पहाटे उठून गणितं, संध्याकाळी इंग्रजी, मधल्या वेळात शिकवण्या. दोनदा थोडक्यात हुकलं. मग गेल्या वर्षी एकदम दोन ठिकाणी नाव लागलं. एक क्लार्कचं, बिलासपूरला रुजू व्हायचं पत्र हातात. दुसरं सहायक लोको पायलटचं, म्हणजे इंजिनावर ड्रायव्हरच्या बाजूला बसायचं, पण त्याची वैद्यकीय तपासणी बाकी होती. क्लार्कला रंग दिसले नाहीत तरी चालतं. इंजिनाला चालत नाही. जाहिरातीत ते स्पष्ट लिहिलं होतं, त्याने त्या ओळीखाली पेनाने रेघ मारून कागद माझ्यासमोर ठेवला.

“ताई, हे जमन का? नाइ तं मी बिलासपूरले जातो. तू सांग.”

त्याने मला विचारलं होतं. निर्णय त्याचा होता असं मी म्हणू शकत नाही, कारण त्याने तो माझ्या हातात दिला होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला वरठीच्या प्लॅटफॉर्मवर उभा असलेला सात वर्षांचा पोर दिसला. मी म्हटलं, “कारकुनी काय कोणीही करते. इंजिन घे. पाठ करू.”

सिग्नलचा विचार माझ्या मनात आला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. आला होता. पण खांबावर प्रत्येक दिव्याची जागा ठरलेली असते, जागा पाठ होते, असं मी स्वतःला समजावलं. धुकं असलं, दिवा एकटाच दिसला, मागे हजार माणसं झोपलेली असली, तर काय, हे मी मनात येऊ दिलं नाही. त्याने बिलासपूरला कळवलं की मी येत नाही.

रंग तपासायचं एक पुस्तक असतं, ठिपक्याठिपक्यांचं. त्यात वेगळ्या रंगाच्या ठिपक्यांनी आकडे काढलेले असतात. ते मी मिळवलं. दर रविवारी विहारातून वंदना करून आलो की आम्ही दोघं ओसरीवर बसायचो. आकडा दिसत नसला तर कडेचा मोठा ठिपका कुठे आहे ते बघायचं आणि त्यावरून पान ओळखायचं. पहिलं बारा, दुसरं आठ, तिसरं सहा. त्या पुस्तकात दोन पानं अशी आहेत की तुम्हाआम्हाला तिथे नुसते ठिपके दिसतात आणि अश्वजितसारख्याला मात्र आकडा दिसतो. त्यातलं एक पान पहिल्यांदा उघडलं तेव्हा तो हरखून गेला होता. म्हणाला, ताई, हे दिसते मले, पाच आहे. मी त्याला सांगितलं, तिथे म्हणायचं, काही दिसत नाही. ज्या पानावर त्याला खरोखर काही दिसत होतं, तिथे मी त्याला खोटं बोलायला शिकवलं. विहारात पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलाशी माझा आवाज आपोआप खाली यायचा. अश्वजित मोठ्याने म्हणायचा.

तपासणी नागपूरला होती. मी रजा टाकून सोबत गेले. तो आत गेला, मी बाहेर बाकावर बसले. तासाभराने शिपाई आला आणि सोबत आलेल्यांना बोलावलं आहे म्हणाला. आत एक वयस्क डॉक्टरीण बाई होत्या. अश्वजित त्यांच्यासमोर खुर्चीवर ताठ बसला होता. बाईंनी मला बसायला सांगितलं आणि सावकाश बोलल्या. पुस्तक त्याने एकही चूक न करता वाचलं होतं. नंतर त्याला अंधाऱ्या खोलीत नेऊन कंदील दाखवला होता. काळ्या पेटीत एकच दिवा, टाचणीच्या डोक्याएवढा, कधी लाल, कधी हिरवा, कधी पिवळा, आणि कुठल्या क्रमाने ते दाखवणाऱ्यालाच माहीत. त्याला कडेचा ठिपका नव्हता, घडी नव्हती. अठरा वेळा दाखवला, अकरा वेळा चुकला.

“पुस्तक एवढं बरोबर आणि कंदील असा, म्हणजे पुस्तक पाठ केलेलं असतं,” बाई म्हणाल्या. “कोणी करून घेतलं?”

“कोनी नाइ मॅडम,” अश्वजित म्हणाला. “मीच केलं. घरी कोनाले मालूम नव्हतं.”

त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी काय करते ते विचारलं. मी म्हटलं, बारावीला रसायनशास्त्र शिकवते. बाईंनी पेन उघडून कागदावर टेकवलं, पण लगेच लिहिलं नाही. तेवढा वेळ माझ्यासाठी होता. मी त्या वेळात म्हणू शकले असते की मी करून घेतलं, ह्याची काही चूक नाही. माझी नोकरी, माझं नाव, कॉलेजातले लोक, एवढं सगळं एकदम डोक्यात आलं आणि मी पर्सचा बंद हातात घट्ट धरून गप्प बसले. बाईंनी कागदावर लिहिलं, अपात्र. मग त्या अश्वजितला एवढंच म्हणाल्या की हे तुझं दुखणं नाही, जन्मतः असतं, वेळेवर कळलं असतं तर तुझी ही वर्षं दुसऱ्या कामाला लागली असती.

बसमध्ये तो खिडकीकडे बसला. मी दोनदा पाण्याची बाटली पुढे केली, त्याने दोनदा घेतली. मौदा गाव मागे पडल्यावर मी म्हटलं, अश्वजित, मी सांगायला हवं होतं तिथे. तो म्हणाला, जाऊ दे, तुझी नोकरी गेली असती तर घर कसं चाललं असतं. त्यात राग नव्हता. त्याने हा विचार आधीच करून ठेवला होता, म्हणजे मी गप्प बसणार हे त्याला आधीच ठाऊक होतं. हे कळलं तेव्हा मला बसमध्येच रडू फुटलं. शेजारची बाई काय झालं विचारू लागली, तर त्यानेच तिला सांगितलं की डोकं दुखते तिचं.

घरी माय दारातच होती. तिने पेढे आणून ठेवले होते. अश्वजितने सांगितलं, नाही झालं. तपासणीत काढलं. माय उंबऱ्यावरच बसली आणि मग तिचा सगळा संताप त्याच्यावर निघाला. हातातली नोकरी सोडली. बिलासपूरचं पत्र आलं होतं, लोक आयुष्यभर वाट पाहतात, आणि ह्याला इंजिन पाहिजे होतं. लहानपणापासून एक वेड घेऊन बसला, दुसऱ्याचं कधी ऐकलं नाही. तो जमिनीकडे पाहत ऐकून घेत होता. एकदाही म्हणाला नाही की ताईने सांगितलं होतं. दुपारी डॉक्टरीण बाईंसमोर केलं तेच तो आता मायसमोर करत होता, आणि आताही मी गप्प बसले असते तर मला माणूस म्हणवून घेता आलं नसतं.

मी म्हटलं, “माय, त्याले नको बोलू. त्याले लाल-हिरवं दिसत नाही. मले बारावीपासून मालूम होतं. मीच म्हटलं, बिलासपूर सोड. मीच पाठ करून घेतलं.”

मला वाटलं होतं माय ओरडेल. मला ते हवंही होतं. तिने पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. तिला काहीतरी समजत नाही आहे आणि ते मी समजावून सांगावं, अशा नजरेने पाहिलं.

“मले तं तो तीन वर्साचा होता तवापासून मालूम आहे,” ती म्हणाली. “माया बापाले बी तसंच होतं. ‘नत्थूले पिकला आंबा समजत नाइ’ म्हनून गाव हसे त्याले. मी तुया तोंडाकडे पाहो. तू रंगाचंच शिकवतेस. तू म्हनली जमते, तं मले वाटलं आता त्याच्यावर काही इलाज निघाला असन. म्हनून मी गप बसली.”

अश्वजितने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. त्याला मायकडे पाहायचं होतं की माझ्याकडे, हे त्याचं त्यालाच ठरवता येईना. मी आजाकडून नातवाकडे हे कसं उतरतं ते सांगायला तोंड उघडलं, कारण ते मला येतं. आईच्या बापाला असतं, आई ते दिसू न देता जवळ बाळगते, आणि मुलाला मिळतं. मी दोन वाक्यं बोललेसुद्धा. मग माझ्या लक्षात आलं की दोघंही नीट ऐकत आहेत, नेहमीसारखं, मान हलवत, आणि मला पुढे बोलवेना. माय उठली आणि पेढ्यांचा डबा शेजारी देऊन आली, घरात नको म्हणून.

आता चार महिने झाले. बिलासपूरची जागा भरली गेली, मी स्वतः जाऊन विचारून आले. अश्वजित पुन्हा फॉर्म भरतो आहे, जिथे रंगाची अट नाही तिथले. तो माझ्यावर रुसला नाही. चहा देतो, बसस्टँडवर सोडायला येतो, कॉलेजात कोण काय म्हणालं ते ऐकून हसतो. मी एक-दोनदा माफी मागायचा प्रयत्न केला तर मलाच म्हणाला, “तुले वाईट वाटून राहिलं, मले मालूम आहे. राहू दे आता.” इतका चांगला आहे. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर मी रात्री झोपले असते.

गेल्या रविवारी मामाच्या मुलीच्या लग्नासाठी कपडे घ्यायला आम्ही भंडाऱ्याला गेलो होतो. त्याने एक शर्ट उचलला, अंगाला लावला, आरशात पाहिलं. मी त्याच्या अगदी शेजारी उभी होते, खांद्याला खांदा लागेल इतकी. त्याने शर्ट काउंटरवर ठेवला आणि दुकानदाराला विचारलं, “भाऊ, हा कोनता रंग आहे?”